तुकोबांच्या अभंगाचा सातबारा

"तुकोबांचा अभंग कुनाच्या नावावर चढला म्हनं?"

प्रश्न नानांचा. नाना म्हणजे आमच्या डिंगोऱ्यातल्या भजनी मंडळाचे पखवाजवाले. माझे सख्खे कुणी नव्हेत, पण गावात नाना म्हटलं की नाना. वय पंचाहत्तरच्या पुढे, शाळा चौथीपर्यंत. प्रश्न मात्र असा की चांगल्या वकिलालाही दोन मिनिटं चष्मा पुसत बसावं लागेल.

झालं असं. गावात सप्ताह होता आणि मी शनिवार गाठून हिंजवडीहून गेलो होतो. रात्री मंडळाचं भजन मोबाइलवर रेकॉर्ड केलं. चक्क बरं आलं (मध्ये एकही कुत्रं भुंकलं नाही!), म्हणून यूट्यूबवर टाकलं. मुंबईला मार्केटमध्ये असलेल्या गावच्या पोरांनी ते एकमेकांना पाठवलं, मंडळी खूश, मीही खूश. तिसऱ्या दिवशी मेल आला. तुमच्या व्हिडिओत एका म्युझिक कंपनीच्या मालकीचा मजकूर आढळला आहे. व्हिडिओ राहील, पण त्यावर लागणाऱ्या जाहिरातींचे पैसे त्या कंपनीला जातील.

पैसे किती? चार आणेसुद्धा नसतील. प्रश्न पैशाचा नव्हताच. तुकोबांना जाऊन साडेतीनशेहून जास्त वर्षं झाली. ज्या बाबाजी चैतन्यांनी त्यांना स्वप्नात गुरुमंत्र दिला, त्यांची समाधी आमच्या शेजारच्या ओतूरला आहे असं मानतात. म्हणजे आमच्याकडे तुकोबा हे पुस्तकातलं प्रकरण नाही, शेजारचं नातं आहे. आणि तिथल्या देवळात, तिथल्या माणसांनी, पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेल्या चालीत म्हटलेला अभंग कुणा तिसऱ्याच्या "मालकीचा" निघतो!

मी सॉफ्टवेअरवाला, त्यामुळे हे कसं घडलं ते मला कळतं. तिकडे कुणी माणूस बसून आमचं भजन ऐकत नव्हता. कंपनी आपल्या रेकॉर्डिंग्ज यंत्राकडे देते, यंत्र त्यांचे ध्वनीचे ठसे काढून ठेवतं आणि नवा व्हिडिओ आला की ठसे जुळवतं. चालसुद्धा जुळवतं. आता वारकरी भजनात तोच ठेका, तेच टाळ, तीच पेटी, तेच शब्द. ठसा जुळला. यंत्राला हे कुणी शिकवलेलंच नाही की दोन गोष्टी सारख्या असण्याचं कारण चोरी हे एकच नसतं. दोघांनी एकाच विहिरीचं पाणी भरलेलं असू शकतं.

आता कायदा काय म्हणतो ते बघू. (कंटाळू नका, दोन परिच्छेदांत आटपतो.) आपला कॉपीराइटचा कायदा १९५७ चा. गाण्यात तीन वेगवेगळे थर असतात: शब्द, चाल आणि रेकॉर्डिंग. शब्द आणि चाल यांचा हक्क त्या त्या माणसाच्या हयातीत आणि त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षं. रेकॉर्डिंगचा हक्क प्रसिद्ध झाल्यापासून ६० वर्षं. हिशेब पुढच्या वर्षाच्या १ जानेवारीपासून. आमच्या भजनात शब्द तुकोबांचे, चाल पारंपरिक, रेकॉर्डिंग माझ्या मोबाइलवरचं. कंपनीचा हक्क फक्त कंपनीने केलेल्या रेकॉर्डिंगवर. तेच गाणं दुसऱ्या कुणी स्वतःच्या गळ्याने म्हटलं तर त्या रेकॉर्डिंगचा भंग होतच नाही.

प्रामाणिकपणे दुसरी बाजूही सांगतो. मंडळाने श्रीनिवास खळ्यांनी बांधलेल्या चालीत अभंग म्हटला असता तर गोष्ट वेगळी होती. खळे २०११ साली गेले. त्यांच्या चालींवरचा हक्क २०७१ संपेपर्यंत आहे आणि तो मानायलाच हवा. शब्द सगळ्यांचे, पण ती चाल त्यांची. हा भेद आपल्या कायद्यात व्यवस्थित लिहिलेला आहे. आमची तक्रार कायद्याविरुद्ध नाहीच. कायद्याचं नाव घेऊन जे चाललंय त्याविरुद्ध आहे.

या सगळ्या घोळाचं मूळ माझ्या मते एका शब्दात आहे. मालकी.

आपण "माझी कविता", "माझी कल्पना", "माझं गाणं" असं म्हणतो आणि आपल्या डोळ्यांसमोर "माझी जमीन" येते. जमीन कशी, बापाकडून मुलाकडे, मुलाकडून नातवाकडे. सातबाऱ्यावर नाव चढलं की चढलं. कॉपीराइट तसा नाही. तो मुळात जन्मालाच तसा आलेला नाही. १७१० साली इंग्लंडमध्ये राणी ॲनच्या काळात जो पहिला कायदा झाला त्याच्या नावातच उद्देश सांगितलाय: विद्येला उत्तेजन देण्यासाठी. त्याआधी छापण्याची मक्तेदारी छापखानेवाल्यांच्या संघाकडे होती. या कायद्याने नव्या पुस्तकाचा हक्क लेखकाला दिला, पण किती काळ? १४ वर्षं. लेखक तोवर जिवंत असेल तर आणखी १४. बस्स. पुढे पुस्तक सगळ्यांचं.

म्हणजे हा सौदा आहे. समाज लेखकाला म्हणतो, बाबा रे, तू लिही. काही काळ ते छापायचा, विकायचा हक्क तुझ्या एकट्याचा. आम्ही आमचा हात बांधून घेतो. त्या बदल्यात मुदत संपली की ते आमचं. सौदा दोघांच्या भल्याचा. पण यात मूळ जमीन गावाची आहे हे विसरून चालत नाही. लेखकाने भाषा गावाकडून घेतली, वृत्तं घेतली, गोष्टी घेतल्या, म्हणी घेतल्या. त्यावर स्वतःचं पीक काढलं. पिकावर त्याचा हक्क शंभर टक्के. जमिनीवर नाही.

आता या मुदतीचं काय झालं ते बघा. आपल्याकडे १९५७ च्या कायद्यात मृत्यूनंतर ५० वर्षं होती. १९९२ साली ती ६० केली. का? तर रवींद्रनाथ टागोर १९४१ साली गेले होते आणि त्यांच्या साहित्यावरचा विश्वभारतीचा हक्क १९९१ अखेर संपत होता. एका कवीसाठी सगळ्या देशाची मुदत दहा वर्षांनी वाढली! त्याचा आपल्यावर परिणाम? साने गुरुजींनी 'श्यामची आई' १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिली. गुरुजी ११ जून १९५० ला गेले. जुन्या हिशेबाने त्यांचं सगळं साहित्य १ जानेवारी २००१ ला खुलं झालं असतं. ते झालं १ जानेवारी २०११ ला.

तुम्ही म्हणाल, दहा वर्षांनी काय बिघडलं? मी उलट विचारतो, दहा वर्षांनी काय साधलं? कॉपीराइटचा हेतू लेखकाने आणखी लिहावं हा. १९९२ साली मुदत वाढवल्यामुळे १९५० साली गेलेल्या गुरुजींनी आणखी एक ओळ लिहिली असती का? गुरुजी अविवाहित. म्हणजे पोराबाळांच्या पोटापाण्याचा मुद्दाही इथे लागू नाही. आणि हक्क संपल्यावर 'श्यामची आई' बेवारस झाली का? उलट! आज ती कितीतरी प्रकाशकांची मिळते, स्वस्तात मिळते, इंटरनेटवर फुकट वाचता येते. आईच्या हातची भाकरी खाल्ल्यासारखं ते पुस्तक वाचणाऱ्या पोरांना वर कुणाचं नाव छापलंय याने काडीचा फरक पडत नाही. खाली साने गुरुजींचं नाव आहे, तेवढं पुरे.

नाव. हा मुद्दा महत्त्वाचा आहे. आपल्याकडे कॉपीराइट यायच्या कितीतरी आधी नाममुद्रा होती. अभंगाच्या शेवटी कवी स्वतःचं नाव गुंफतो, लावणीच्या शेवटी शाहीर गुंफतो. म्हणजे गा, लिहून घ्या, वाटा, पण माझं नाव पुसू नका. पुण्याहून गावी जाताना मला दर वेळी चाकण लागतं. (तासभर ट्रॅफिकमध्ये अडकल्यावर माणूस तत्त्वज्ञान करायला मोकळा असतो.) त्या चाकणच्या संताजी जगनाड्यांनी तुकोबांचे अभंग वहीत उतरवून ठेवले. आजच्या भाषेत विनापरवाना प्रत काढली! असे उतरवून घेणारे होते म्हणून तुकोबा आपल्यापर्यंत आले. प्रत काढणारा आणि चोर यात फरक आहे. चोर कोण ते प्रभातच्या १९३६ च्या 'संत तुकाराम'मध्ये बघा. सालोमालो तुकोबांचे अभंग स्वतःचे म्हणून मिरवतो आणि वर चोरीचा आळ तुकोबांवरच घेतो. आमच्या व्हिडिओवर आलेला मेल वाचला तेव्हा मला पहिला आठवला तो सालोमालोच.

कल्पनेच्या मालकीचं तर आणखीच वेगळं. आमच्या क्षेत्रात प्रत्येकाकडे एक "आयडिया" असते. कँटीनमध्ये माणूस जवळ येतो, इकडे तिकडे बघतो आणि म्हणतो, सांगतो पण आधी सही कर. अरे, कसली सही? नुसत्या कल्पनेवर कॉपीराइट नसतोच. सर्वोच्च न्यायालयाने १९७८ सालीच हे स्पष्ट सांगितलंय. आर. जी. आनंद यांचं 'हम हिंदुस्तानी' हे नाटक आणि १९५६ चा 'न्यू दिल्ली' हा सिनेमा. आनंद म्हणाले, माझ्या नाटकाची नक्कल केली. न्यायालय म्हणालं, विषय, कल्पना, कथानकाचा सांगाडा, ऐतिहासिक घटना यांवर कुणाचा हक्क नाही. हक्क आहे तो ती कशी मांडली यावर. विचार करा, हे तत्त्व नसतं तर? १९३६ साली प्रभातने तुकारामांवर सिनेमा काढला म्हणून २०१२ साली चंद्रकांत कुलकर्णींना 'तुकाराम' काढताच आला नसता.

आता दोन आक्षेप. हे नेहमीच येतात.

एक. "मग लेखकाने काय उपाशी मरायचं?"

नाही हो. पण मालकी दिली की तो जेवतो हा गैरसमज आधी काढून टाका. पठ्ठे बापूरावांचं उदाहरण घ्या. लावण्यांचा एवढा मोठा धनी, आणि १९४५ साली पुण्यात विपन्नावस्थेत गेला. तेव्हा कायदा नव्हता? होता की, १९१४ चा. हक्क कागदावर होता, पोटात काही नव्हतं. आमच्याकडे नारायणगावला पाडव्याच्या आसपास तमाशाच्या फडांच्या राहुट्या लागतात, गावोगावचे पुढारी येऊन जत्रेच्या सुपाऱ्या देतात. तिथे जाऊन कधी विचारा की तो वग लिहिला कुणी. फडमालकाचं नाव फलकावर, नाचणाऱ्यांची नावं फलकावर. वग लिहिणाऱ्याचं नाव शोधावं लागतं.

लेखकाला लागतो तो साठ वर्षांचा हक्क नाही. सही करताना लागणारी ताकद हवी. आणि याबाबतीत आपला कायदा बरा आहे, आपल्यालाच माहीत नसतो. तुम्ही लिहीत असाल, गाणी करत असाल, तर कलम १९ एकदा वाचाच. करारात मुदत लिहिली नसेल तर हक्क फक्त पाच वर्षांसाठी दिला असं धरतात. प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारतापुरता. समोरच्याने हक्क घेऊन वर्षभर वापरलाच नाही आणि करारात तसं काही वेगळं म्हटलेलं नसेल, तर तो हक्क परत येतो. आणि २०१२ च्या दुरुस्तीनंतर सिनेमातल्या गाण्याचे गीतकार-संगीतकार आपला रॉयल्टीतला समान वाटा निर्मात्याला लिहून देऊ म्हणाले तरी देता येत नाही. लेखकाचं भलं अशा चार ओळींत आहे. त्याच्या पणतूच्या हक्कात नाही.

दोन. "म्हणजे सगळं फुकट करा असंच ना?"

इथे मला आधी स्वतःचे कान धरायला हवेत. इंजिनिअरिंगची चार वर्षं मी झेरॉक्सवर काढली. होस्टेलच्या लॅनवर काय काय होतं ते इथे लिहीत नाही. आजही व्हॉट्सॲपवर ताज्या मराठी कादंबरीची पीडीएफ फिरते आणि आपण "अरे वा, पाठव" म्हणतो. हजार प्रतींची आवृत्ती संपायला जिथे वर्षं लागतात तिथे ही पीडीएफ म्हणजे उभ्या पिकात गुरं सोडणं आहे. लेखक जिवंत आहे, पुस्तक दुकानात आहे, दोन पिझ्झांपेक्षा स्वस्त आहे. ते विकत घ्या. सौदा दोन्ही बाजूंनी पाळायचा असतो. मुदत असताना आपण कुंपण मोडायचं आणि मुदत संपल्यावर कंपनीने कुंपण हलवायचं, दोन्ही बेइमानीच.

आणि मालकीचं म्हणाल तर मी रोज आठ-नऊ तास जो कोड लिहितो त्यावर माझा कसलाच हक्क नाही. नोकरीत केलेलं काम मालकाचं, तसा वेगळा करार नसेल तर कायदाच तसं म्हणतो. पण ज्या लिनक्सवर तो कोड चालतो तो जगभरच्या माणसांनी खुला ठेवलाय. गंमत म्हणजे तो खुला ठेवणारा परवानासुद्धा कॉपीराइटच्याच जोरावर उभा आहे: घ्या, बदला, वाटा, पण पुढच्यालाही तीच मोकळीक द्या. म्हणजे कुंपण घालायला जो कायदा वापरतात तोच गायरान राखायलाही वापरता येतो.

गायरान! हा शब्द मला हवा होता. ज्यांची मुदत संपली ते सगळं साहित्य, सगळ्या चाली, ओव्या, भारुडं, जात्यावरची गाणी हे आपलं गायरान. आणि गायरानाचं काय होतं ते गावाकडच्या माणसाला सांगायला नको. सगळ्यांचं असतं म्हणून राखायला कुणी नसतं. एक जण चार फूट बांध सरकवतो. कोण बोलणार? पुढच्या वर्षी आणखी चार फूट.

कायदा इथे लंगडा पडतो. तुम्ही कुणाच्या कॉपीराइटचा जाणूनबुजून भंग केला तर कलम ६३ खाली सहा महिन्यांपासून तीन वर्षांपर्यंत कैद आणि ५० हजारांपासून दोन लाखांपर्यंत दंड. आणि जे कुणाचंच नाही त्यावर कुणी खोटा हक्क सांगितला तर? कलम ६० म्हणतं, खोट्या धमकीविरुद्ध तुम्ही दिवाणी दावा लावू शकता. म्हणजे डिंगोऱ्याच्या भजनी मंडळाने पेटी-पखवाज बाजूला ठेवून कंपनीविरुद्ध कोर्टात जायचं! चार आण्यांच्या जाहिरातीसाठी! कोण जाईल? आणि कुणी जाणार नाही हे समोरच्याला पक्कं माहीत आहे.

मी त्या दाव्यावर हरकत नोंदवली होती. महिनाभर मुदत असते. कंपनीने हरकत फेटाळली. कारण? काही नाही. पुढे अपील करता येतं, पण तेही फेटाळलं तर व्हिडिओ खाली येऊ शकतो, वर स्ट्राइक बसतो. मंडळाची बैठक झाली देवळातच. अध्यक्ष म्हणाले, राहू दे, कोर्टकचेरीची भानगड नको. मी व्हिडिओ काढून टाकला. सहा म्हातारी माणसं, त्यांची ती चाल, जी आता त्या सहा जणांखेरीज फारशी कुणाला येत नाही... माझ्या हार्डडिस्कवर पडून आहे. बांध सरकला आणि आम्ही गप्प बसलो.

म्हणून मागण्या तीन, आणि तिन्ही साध्या. पहिली: हक्क सांगणाऱ्याने उतारा दाखवावा. रचना कुणाची, कोणत्या सालची, तुमच्याकडे कशी आली. जमिनीच्या चार गुंठ्यांना आपण एवढे कागद मागतो, तुकोबांच्या अभंगाला एकही नको? दुसरी: जे सार्वजनिक आहे त्यावर पुन्हा पुन्हा खोटा हक्क सांगणाऱ्याला दंड, आणि तो दंड वसूल करायला गावाला कोर्टाची पायरी चढावी लागू नये. तिसरी: खुल्या झालेल्या मराठी साहित्याची आणि पारंपरिक चालींची एक सरकारी नोंदवही, कुणालाही बघता येईल अशी. म्हणजे यंत्राला ठसे जुळवायचेच असतील तर त्याने आधी गायरानाचा नकाशा बघावा.

हे सगळं मी नानांना सांगितलं, अर्थात कलमं वगळून. त्यांनी शांतपणे ऐकलं. मग म्हणाले, "म्हंजी मुदतीनं कसायला दिल्याली जमीन. मालकीची न्हाई." मी म्हटलं, हो, अगदी तसंच. "आन्‌ तुकोबाची मुदत?" ती कधी सुरूच झाली नाही नाना, ते आधीपासूनच गावाचे. "मंग आपन का काढलं?"

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं.

पुढच्या शनिवारी डिंगोऱ्याला जातोय. तोच व्हिडिओ पुन्हा टाकणार, दावा आला की हरकत, हरकत फेटाळली की अपील. स्ट्राइक बसला तर माझ्या नावावर बसेल, मंडळाच्या नाही. खाली वर्णनात एवढंच लिहिणार आहे: शब्द तुकोबांचे, चाल पारंपरिक, गायन-वादन डिंगोऱ्याचं भजनी मंडळ. कुणीही ऐका, शिका, म्हणा. नाव मात्र पुसू नका.